पेला कुणाच्या हातात

आंबवण्यात पाप नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खऱ्या वादाला जागा होईल. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी सगळी नोकरी काढली, तीही फर्मेंटेशनला. मळी पाण्यात पातळ करायची, यीस्ट सोडायचं आणि टाकी तापू द्यायची नाही, एवढंच आमचं कर्तृत्व. बाकी सगळं यीस्टचं. रात्रपाळीला कठड्यावरून पाहिलं की तपकिरी फेस वर चढताना दिसायचा, मधूनच मोठा बुडबुडा फुटायचा आणि आंबूस-गोडसर भपकारा नाकात जायचा. नवीन पोरगा जास्त वाकला की त्याला कॉलर धरून मागे ओढावं लागे. फेसावर कार्बन डायऑक्साइडचा थर साचलेला असतो. त्यात तोंड घातलं की माणूस कोसळायला वेळ लागत नाही.

१५१६ साली बव्हेरियात बिअरचा कायदा झाला. जव, हॉप्स आणि पाणी, एवढ्याच तीन गोष्टी त्यात मान्य. यीस्टचं नाव नाही, कारण खरं काम कोण करतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते एकोणिसाव्या शतकात पाश्चरने दाखवून दिलं. माझ्या माळकरी बहिणीने बाळंतपणात दशमूलारिष्ट घेतलं होतं. धायटीची फुलं घालून आंबवलेलं औषध ते; त्यात बिअरइतकं अल्कोहोल सहज असतं. तिच्या गळ्यातल्या माळेला काही झालं नाही.

त्याच बहिणीचा मुलगा अमेरिकेत पोर्टलंडला असतो आणि गॅरेजमध्ये बिअर करतो. तिथे १९७८ साली केंद्रीय कायद्याने याला मोकळीक दिली. घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली बिनपरवाना थेंबही करता येत नाही. प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे रोज पिणाऱ्यांनाही माहीत नसतं, ती गोष्ट वेगळी.

मी त्याच्याकडे राहिलो होतो तेव्हा त्याची वही पाहिली. एका खेपेला १९ लिटर. डाव्या पानावर माल्ट किती, हॉप्स कधी घातले, तापमान किती, हे सगळं माझ्या जुन्या लॉगबुकासारखं. उजव्या पानावर मात्र नावं. कोणती बाटली कुणाला दिली, त्याला कशी वाटली. एका नावावर काट मारलेली होती. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, त्याच्या गोळ्या चालू आहेत. तो मागतो, पण मी देत नाही." आमच्या लॉगबुकाला असं उजवं पान नव्हतं. टँकर भरला, सील लागलं, गेटपास फाटला की आमचा संबंध संपायचा.

आता त्याला परत यायचंय. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात आहे. नगर-पुणे रोडवरच्या सुप्याच्या आसपास जागा घ्यायची, मालदांडी ज्वारीला मोड आणून तिची बिअर करायची. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पूर्वापार पितात, तेव्हा ते जमेल. धान्याची नासाडी हा आक्षेप मला फारसा पटत नाही. ज्या जिल्ह्यात उसाने एवढं पाणी प्यायलं, तिथे पोतंभर ज्वारीवरून कुणी नीतीच्या गप्पा मारू नयेत. पण यंत्रवाल्याचं कोटेशन एका खेपेला १००० लिटरचं आहे, आणि माझं घोडं तिथे अडलं. १९ लिटरचे साठाच्या आत पेले होतात. १००० लिटरचे तीन हजार. तीन हजार नावं कोणत्या वहीत मावणार?

"मग पाप कुठे सुरू होतं, मामा? वीस लिटरला नाही आणि हजाराला आहे?" त्याने फोनवर विचारलं. प्रश्न खवचट होता, पण रास्त होता.

बुद्धाने ही गाठ फार नीट सोडवली आहे, असं मला वाटतं. पंचशीलातलं पाचवं शील पिणाऱ्यासाठी आहे. पण अंगुत्तर निकायात उपासकाने न करायचे पाच व्यापार वेगळे सांगितलेत: शस्त्र, जीव, मांस, मद्य आणि विष. पिणं हा एक प्रश्न आणि विकणं हा दुसरा, असं त्याने मानलं. माझ्या वाचनात त्या पाचांना जोडणारा धागा असा, की वस्तू विकणाऱ्याच्या हातून सुटते आणि तिचं खरं काम त्याच्या नजरेआड होतं. तलवार विकणारा रणांगणावर नसतो.

हे पोथीतलं वाटत असेल तर पांगरमल आठवा. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेची निवडणूक, नगर तालुक्यातलं गाव, प्रचाराची पार्टी. विषारी दारूने माणसं पटापट गेली. ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये तयार होत होती, असं तपासात समोर आलं. बिअरमध्ये तसं विष होत नाही, हे मी केमिस्ट म्हणून छातीठोक सांगतो. पण करणारा, वाटणारा आणि पिणारा एकमेकांना ओळखत नसले की काय होतं, ते या जिल्ह्याने पाहिलं आहे.

भाच्याच्या बाजूने एकच साक्षीदार मला सापडतो, आणि तो अरणगावला समाधी घेऊन बसलाय. मेहेरबाबा. १९२३ साली त्यांनी नगरजवळ बस्तान बसवलं, त्याआधी ते पुण्यात ताडीचं दुकान चालवायचे. बाटल्या धुवायचे, गिऱ्हाइकांना द्यायचे आणि त्यांनाच सांगायचे, कमी पी, जमलं तर सोड. व्यापारी म्हणून हा वेडेपणाच. पण त्यांना समोरचं तोंड दिसत होतं. ३१ जानेवारीला अमरतिथीला जगभरचे लोक अरणगावात जमतात. त्यातल्या कितीजणांना हा ताडीचा गल्ला आठवत असेल कोण जाणे.

आणि सुप्याहून राळेगण सिद्धी फार लांब नाही. अण्णा हजारेंनी तिथल्या भट्ट्या बंद करवल्या त्याबद्दल आदर आहे. पिणाऱ्याला खांबाला बांधून पट्ट्याने मारणं मला कधीच पटलं नाही. ती शिक्षा चुकीच्या माणसाला झाली. त्यापेक्षा गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली ते शहाणपणाचं. त्यांनी नवऱ्याला नाही, दुकानाला धरलं.

कारखान्यातले मित्र मला गीता ऐकवतात. आपण कर्म करावं, फळ त्याच्यावर सोडावं. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या जिल्ह्यात राहून मी याच्याशी भांडायला नको, पण भांडतो. फळाची आशा सोडायला सांगितली आहे. फळाची चौकशी सोडायला कुठे सांगितलं आहे?

बहिणीला यातलं काहीच विचारलं नव्हतं. तीच आपणहून म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. पण प्यायल्यावर ती माणसं नगर-पुणे रोडने रात्री घरी कशी जाणार, ते त्याला विचार."

मी विचारलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: तिथेच मुक्कामाच्या खोल्या, तिसऱ्या पेल्यानंतर बंद, रोजच्या गिऱ्हाइकांची वही. मी कळवलं, तसं असेल तर हजार लिटरचं भांडं कशाला, तीनशेचं घे. त्यावर त्याचं उत्तर आलं, की तीनशे लिटरच्या धंद्याला बँक कर्ज देत नाही.