अपव्ययाचा हिशेब कोणाच्या माथी?



नोकरी करणाऱ्या एका मातेने मला विचारले, "मौलाना, आठवड्याची भाजी रविवारी आणते. कामाच्या धावपळीत निम्मी तशीच राहते. शनिवारी ती सडलेली भाजी फेकताना हात कापतो. याचा गुनाह माझ्याच माथी का?"

तिची ही भीती ईमानाची खूण आहे. मी म्हणालो, "आपा, थकव्याने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली उधळपट्टी एकसारखी नसते. तौबा करा आणि पुढच्या आठवड्याची तजवीज करा. पण हा हिशेब एकट्या तुमचा नाही."

सूरह अल-आराफच्या 31व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मुभा दिली आणि लगेच अपव्ययास मनाई केली. ही आज्ञा आदमच्या साऱ्या संततीला उद्देशून आहे, केवळ चुलीपुढे उभ्या असलेल्या स्त्रीला नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ होताच बाहेर पडत. सहीह बुखारीत ही नोंद आहे. त्यांचे उम्मती म्हणवणारे आपण मात्र भाजी निवडताना कमीपणा मानतो!

म्हणून बुधवारी रात्री साऱ्या घराने मिळून उरलेले काय ते पाहावे. नाशवंत ते आधी शिजवावे, ताटात लागेल तेवढेच घ्यावे आणि जास्तीचे ताजे असतानाच शेजारी पोहोचवावे. भाजी निवडण्याचे काम मुलग्यांनाही द्यावे.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत आणि घरातील कष्टांत वाटेकरी देवो. आमीन.