दैवाची पाळी पाचवी

ओल्या रस्त्यावर भरधाव गाडी घसरून उलटली, की चार दिवसांत तिच्याबद्दलचं सगळं बोलणं एका वाक्यावर येऊन थांबतं: वेळ आली होती. घरातलं माणूस गेलेल्यांपुढे हे वाक्य सांत्वन म्हणून बोललं जातं आणि तिथे ते बोलायलाच हवं. अडचण त्याच्या दुसऱ्या वापराची आहे. गाडी रस्त्यावर काढण्याआधीच तेच वाक्य मनात धरलं जातं, गोटा झालेले टायर आणखी एक पावसाळा ओढले जातात, किंवा नवे घेताना रस्त्यावरच्या पकडीपेक्षा दिसण्याला भाव दिला जातो. तेव्हा प्रश्न धर्माचा होतो. प्रारब्ध मानणाऱ्या माणसाने दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला टायर निवडताना किती काळजी घ्यावी? माझं उत्तर असं आहे, की प्रारब्ध न मानणाऱ्यापेक्षा त्याने काकणभर जास्तच घ्यावी. त्याचं स्वतःचं शास्त्र त्याला तेच सांगतं.

हा प्रश्न मराठवाड्यातल्या माजलगावसारख्या ठिकाणी नीट दिसतो. कल्याणहून अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड करत तेलंगणात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ इथून जातो. सिंदफणेवरच्या धरणाने आणि जायकवाडीच्या कालव्याने या भागात ऊस आणला, आणि उसाबरोबर ट्रॅक्टरही आले. गळीत हंगामात शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटून काळी माती डांबरावर येते, वाळते, आणि अवकाळीचा भुरभुर पाऊस पडला की साबणासारखी होते. त्याच रस्त्यावर फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन धावतात. पहिलीचं डिझेल इंजिन २.८ लिटरचं, ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. दुसरीच्या बऱ्याच गाड्यांत सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. ही ताकद रस्त्याला लागते ती चार टायरांच्या तळाशी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर. दोन टनांची गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती या चार तळहातांच्या जोरावर. इंजिन कितीही मोठं असलं तरी ही जागा त्या प्रमाणात वाढत नाही.

आता शास्त्राकडे वळू. गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवं दैव. गाडीच्या बाबतीत हे पाचही सहज ओळखू येतात. रस्ता हे अधिष्ठान, चालवणारा कर्ता, टायर-ब्रेक ही साधनं, पाय आणि स्टिअरिंग यांची हालचाल ही चेष्टा. दैवाची पाळी त्यानंतर येते. जाणकार इथे अडवतील आणि त्यांचं अडवणं बरोबर आहे. शंकराचार्यांनी या श्लोकातलं दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा अर्थ घेतला आहे, ज्ञानेश्वरांची वाटही तीच; कपाळावर लिहिलेलं नशीब असा तो नाही. शिवाय तिथलं अधिष्ठान म्हणजे शरीर, रस्ता हा मी ताणलेला अर्थ. हे सगळं कबूल. पण मग नशिबाचा आधार आणखीच जातो, कारण कर्माच्या कारणांच्या यादीत त्याला पाचवीही जागा उरत नाही. आणि श्लोकाचा रोख तर दोन श्लोक पुढेच उघड होतो: या पाचांपैकी आपण एकटेच करणारे आहोत असं मानणाऱ्याला गीता नीट न पाहणारा म्हणते. म्हणजे ‘सगळं नशिबावर आहे’ म्हणणारा आणि ‘माझा हात बसलेला आहे, मला काही होत नाही’ म्हणणारा, दोघांची चूक एकच. दोघेही पाच कारणांचं एक कारण करतात. एक सगळं दैवावर टाकतो, दुसरा सगळं कर्त्यावर. मधलं साधन दोघांच्याही नजरेतून निसटतं. टायर हे तेच निसटलेलं साधन.

त्या साधनाचं वजन किती, हे शाळेतल्या गणिताने कळतं. चांगल्या टायरची कोरड्या डांबरावर पकड, म्हणजे घर्षणांक, ०.८ धरला तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ३१ मीटरवर उभी राहते. पकड ०.५ वर आली, झिजलेला टायर आणि ओला रस्ता एकत्र आले की ती त्याहूनही खाली जाते, तर तीच गाडी ५० मीटर घेते. पण १९ मीटरचा फरक म्हटलं तर खरी गोष्ट लपते. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्या जागी पोचताना दुसरीचा वेग अजून ताशी ४९ किलोमीटरच्या आसपास असतो. समोर दिवे नसलेली उसाची ट्रॉली असेल, किंवा बिऱ्हाड लादून कारखान्याकडे निघालेलं ऊसतोड कुटुंब असेल, तर पहिल्या गाडीत नुसता धसका बसेल आणि दुसरीत मृत्यू होईल. ग्रह तेच, नक्षत्र तेच, चालवणारा तोच. एवढा मोठा भाग साधनाच्या हाती असताना त्याला दैव म्हणणं म्हणजे दैवावर खोटा आळ घेणं आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदलं गेलं. नशीब वेगाचा काटा बघून वागत नाही. काट्याप्रमाणे बदलतं ते घर्षण आणि थांबायला लागणारं अंतर.

जुने ग्रंथकार हे जाणून होते, आणि योगायोग असा, की त्यांनी दाखला चाकाचाच दिला. याज्ञवल्क्यस्मृतीच्या पहिल्या अध्यायात म्हटलं आहे, की एका चाकाने रथ चालत नाही, तसं माणसाच्या प्रयत्नावाचून दैव फळाला येत नाही. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीला, म्हणजे मराठवाड्याला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणला, मिताक्षरा लिहिली आणि ती पुढे हिंदू वारसा-कायद्याचा पाया झाली. हे काही कोपऱ्यातलं वचन नाही. योगवासिष्ठ तर पुढे जाऊन दैव म्हणजे आपलाच पूर्वीचा पुरुषार्थ असं सांगतो. आणि गोदावरीच्या पलीकडच्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी यत्नाला देवाच्याच जागी बसवलं. या भागातला माणूस दैववादी आहे असं म्हणणाऱ्यांनी त्याची परंपरा वाचलेली नाही.

सगळ्यात भारी दाखला महाभारतात आहे. कर्णपर्वात कर्णाच्या रथाचं चाक जमीन गिळते. त्याच्याकडे विजय धनुष्य आहे, शल्यासारखा सारथी आहे, अंगात बळ आहे, आणि चाकाला पकड नाही. त्या क्षणी कर्ण धर्माला दोष देतो: धर्म पाळणाऱ्याला धर्म राखतो म्हणतात, मला का राखत नाही? कृष्ण त्याला नशीब सांगत नाही. तो त्याला त्याने केलेल्या निवडी एकेक करून आठवून देतो, द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हाची, अभिमन्यूला घेरून मारलं तेव्हाची. कुणी म्हणेल, चाक शापाने रुतलं, आणि शाप म्हणजे दैवच की. पण तो शाप कशाचा? नीट न पाहता सोडलेल्या बाणाने एका ब्राह्मणाची होमधेनू मेली, त्याचा. आज जे दैव दिसतं त्याच्या बुडाशी काल केलेला गाफीलपणा सापडतो, हेच व्यासांनी दाखवलं आहे. याच्या समोर द्रोणपर्वातला प्रसंग ठेवावा. जयद्रथाकडे निघालेले अर्जुनाचे घोडे थकले, जखमी झाले, तेव्हा भर रणांगणात रथ थांबवून कृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपसले, हाताने त्यांना चोळलं, पाणी पाजलं आणि मग पुन्हा जुंपलं. सूर्य मावळायला निघाला होता, एकेक घटका मोलाची होती, आणि सारथी साक्षात भगवंत होता. तरीही साधनाची देखभाल त्याने चमत्कारावर सोडली नाही.

मग पूजेचं काय? खंडेनवमीला, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतात. नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवून पुढे घेतात. अधिक महिन्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला जाणाऱ्यांची रीघ लागते. २०२३ चा अधिक श्रावण ऐन पावसात, १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा आला होता. माजलगाव तालुक्यातल्या याच गावी रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा ताम्रपट सापडला, इतकी ही श्रद्धा जुन्या मातीतली आहे. तिची टवाळी करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. उलट, याच मातीतली पूजा कशी असते ते पोळ्याला पाहावं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण होते: बैलाच्या जू ओढून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात. झूल, बाशिंग, पुरणपोळी सगळं त्यानंतर. ज्याच्या जोरावर वर्ष निघालं त्याचा दुखरा भाग आधी हाताने चाचपायचा, मग नैवेद्य, असा तो क्रम आहे. गाडीच्या पूजेत नैवेद्य आला, खांदमळण राहून गेली. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलेल्या माणसाने त्याच वेळी टायरच्या नक्षीच्या खाचेत बोट घालावं. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या उंचवट्यांच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर उतरली, की कायद्यानेही तो टायर संपला. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते पाहिले तर पूजेचं काही उणं होत नाही.

निवडीची गोष्ट आली, की ताकदवान गाडीचा मालक पिकअपसाठी पकड मागतो. निवड थांबण्यावरून करावी, कारण निघताना चाक फिरलं तर वेळ जातो, थांबताना घसरलं तर जीव जातो. ओल्या रस्त्यावर जो टायर लवकर थांबतो तो आधी, टिकाऊपणा मागून. रबर मऊ असेल तर पकड जास्त आणि आयुष्य कमी, ही देवाणघेवाण टाळता येत नाही, आणि जो ‘लाख किलोमीटर चालेल’ एवढंच सांगतो त्याने अर्धंच सांगितलेलं असतं. मोठ्या खाचांचे रांगडे टायर पाणंदीत, मुरमावर कामाचे. पण डांबराला टेकणारं रबर त्यांत कमी असतं, आणि महामार्गावर पावसात ते सहसा उशिरा थांबतात. ज्याची गाडी वर्षाचे अकरा महिने डांबरावर असते त्याने ते केवळ रुबाबासाठी घालू नयेत. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, चालकाला ते कळतं आणि पाय उचलता येतो; मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते आणि तेव्हा फार थोड्यांना सावरता येतं. गाडीत एबीएस आहे ना, हे उत्तर पुरत नाही. एबीएस आहे तेवढी पकड नीट वाटून देतं, नसलेली निर्माण करत नाही.

एक आक्षेप मात्र खरा जड आहे. पकड वाढली की माणूस वेग वाढवतो, आणि सुरक्षितता होती तिथेच येते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली वाहन-सुरक्षेच्या नियमांबद्दल हेच मांडलं. म्युनिकमधल्या टॅक्सींवरच्या प्रयोगात काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. अपघातांत म्हणावा असा फरक पडला नाही, कारण एबीएसवाले चालक जास्त धिटाईने हाकत होते. म्हणजे साधन सुधारूनही कर्ता बिघडला तर फळ तेच. मला हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाताना दिसत नाही. पाच कारणं एकत्र धरा, असंच तो सांगतो. कर्ता सुधारला म्हणून साधनाची हयगय चालत नाही, तसं उलटही चालत नाही. आणि यावरून टायर वाईटच ठेवावेत असं निघत असेल, तर चालक घाबरून हळू जावा म्हणून ब्रेकही काढून टाकावे लागतील.

पैशाचा आक्षेप या गाड्यांच्या बाबतीत टिकत नाही. ज्याने लाखो रुपयांची ताकद विकत घेतली, त्याला ती आवरण्याचा खर्च परवडतच नाही असं म्हणता येणार नाही. दुचाकीवाल्याची, टमटमवाल्याची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात मोजली पाहिजे: रस्त्यावर ज्याचा धक्का सगळ्यात जड, त्याच्या टायरची नक्षी सगळ्यात खोल हवी. आपल्या जिवाचं मी बघून घेईन म्हणणाऱ्याने प्रारब्ध मानलं तरी ते स्वतःपुरतं मानावं. समोरच्या ट्रॉलीवर बसलेल्या बाईचं प्रारब्ध ठरवायचा हक्क त्याला कुठल्याच शास्त्राने दिलेला नाही.

हाच हिशेब उतरवलेल्या टायरलाही लागू होतो. जुने टायर दुकानात सोडताना ते कुठे जाणार हे विचारणारे थोडे. ऊसतोडीच्या टायरगाडीला ते लागले तर बैलाच्या चालीला अजून चालतील. पण पॉलिश मारून, खाचा पुन्हा कोरून ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसले, तर ज्या रबरावर आपण स्वतःच्या लेकरांना बसवायचं नाही असं ठरवलं त्यावर दुसऱ्याची लेकरं बसतील. संपलेला टायर देण्याआधी त्याच्या बाजूच्या भिंतीवर दुकानदाराकडून समोरासमोर आरपार काप मारून घ्यावा आणि त्याचे जे चार पैसे मिळायचे असतील ते सोडून द्यावेत.