‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ : वाङ्मयप्रकार, टोपणनाव आणि वाचकाचे दायित्व

१

एका वाङ्मयप्रकारातून दुसऱ्या वाङ्मयप्रकाराकडे जाणाऱ्या वाचकाला वाटेत कधीतरी एक ओळख पटते. ज्या कवीच्या कविता आपण वाचल्या त्यानेच हे नाटक लिहिले आहे, किंवा ज्या कथालेखिकेने आपल्याला अस्वस्थ केले तिच्याच नावावर एक शास्त्रीय ग्रंथही आहे, हे त्याच्या ध्यानात येते. ‘हा तर तोच’ या उद्गारातला आनंद निर्व्याज असतो, असे आपण गृहीत धरतो. टोपणनावांची चर्चाही आपल्याकडे बहुधा कुतूहलाच्या किंवा चरित्रविषयक तपशिलाच्या पातळीवरच झालेली आहे. परंतु दोन नावे जोडणे म्हणजे एका व्यक्तीविषयी विधान करणे होय. ज्याने स्वतःला दोन ठिकाणी उभे केले, त्याला आपण एका ठिकाणी आणून बसवीत असतो. असे करण्याचा अधिकार वाचकाला कोठून प्राप्त होतो, आणि तो सर्वत्र सारखाच असतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूर्त रूप ग्रंथालयात दिसते. ड्यूई यांची १८७६ मधील दशांश वर्गीकरण पद्धती असो किंवा रंगनाथन यांची १९३३ मधील द्विबिंदू वर्गीकरण पद्धती असो, ललित साहित्याची मांडणी करताना दोन्ही पद्धती भाषेनंतर वाङ्मयप्रकाराचा विचार करतात. लेखकाची पाळी त्यानंतर येते. त्यामुळे ‘विशाखा’ काव्याच्या कपाटात जाते, ‘नटसम्राट’ नाटकाच्या. विखुरलेले हे लेखन एकत्र आणण्याचे काम लेखकनामांची तालिका करते. म्हणजे कपाटाला प्रकार कळतो आणि तालिकेला नाव कळते. मात्र लेखकानेच प्रकारागणिक नाव बदलले असेल, तर तालिकेलाही निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय केवळ सोयीचा नाही.

२

प्रथम ज्या नावांमागे लपवण्यासारखे काही नव्हते, अशी नावे घेऊ. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ‘कुसुमाग्रज’ कवी आणि वि. वा. शिरवाडकर नाटककार ही विभागणी तर मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे असेही त्याला वाटत नाही. ‘जोगवा’ (१९५९) आणि ‘दिवेलागण’ (१९६२) हे संग्रह आरती प्रभू यांचे. ‘रात्र काळी घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या.

या तिन्ही उदाहरणांत नाव पडद्याचे काम करीत नाही. ते उंबरठ्याचे काम करते. कोणत्या अपेक्षेने आत यायचे, याची सूचना ते वाचकाला देते. लेखकाचे नाव हे व्यक्तीचा निर्देश करण्यापुरते नसून संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांच्या ग्रहणाची रीत ठरविणारे एक कार्य आहे, असे मिशेल फूको यांनी १९६९ मधील आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानात मांडले होते. वर उल्लेखिलेल्या लेखकांनी हे कार्य जणू जाणीवपूर्वक आपल्या हाती घेतले. ‘गोविंदाग्रज’ आणि ‘कुसुमाग्रज’ या नामरचना तर धाकट्या भावंडाच्या नात्यातून कवीला नाव देतात. नाटककाराला व्यवहारातले नाव चालते. कवीला मात्र घरातल्या नात्याचे नाव हवेसे वाटते. कवितेने ज्या खासगी स्वरात बोलावे अशी त्या काळाची अपेक्षा होती, तिचाच हा पुरावा मानता येईल.

अशा वेळी दोन नावे एक करण्याने काय साधते आणि काय हरवते? खानोलकरांच्या कादंबऱ्यांना ‘आरती प्रभूंच्या कवितेचा गद्यविस्तार’ मानण्याचा मोह टाळणे कठीण असते. दोहोंतही अंधार आहे, नियतीचे सावट आहे, कोकणातले दैवतविश्व आहे. पण ‘कोंडुरा’तील अनर्थ कथानकाच्या क्रमाने, माणसांच्या परस्परसंबंधांतून वाढत जातो, तर कवितेतील विषण्णता कोणतेही कारण न सांगता प्रतिमेत एकवटते. कारण सांगणे आणि कारण न सांगणे हा येथे केवळ शैलीचा भेद नाही. जगाकडे पाहण्याच्या दोन रीतींचा तो भेद आहे. नावे जोडण्याच्या घाईत आपण हा भेद पुसून टाकतो आणि वाङ्मयप्रकाराने लेखकाकडून जो विचार करवून घेतला, तो लेखकाच्या ‘स्वभावा’च्या खात्यावर जमा करतो.

याउलट नावे पूर्णपणे तोडण्यानेही हानीच होते. ‘एकच प्याला’तील तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांच्या प्रसंगांत ‘बाळकराम’ गडकऱ्यांच्या नाटकात सरळ शिरलेले आहेत. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांच्या स्वगतांची लय कवितेच्या वाचकाला अपरिचित वाटत नाही. नावांची भिंत अभेद्य नाही, आणि ती तशी असावी अशी लेखकाचीही अपेक्षा दिसत नाही. शिवाय ज्याला आपण ‘खरे नाव’ म्हणतो, तेही निसर्गदत्त नसते. शिरवाडकरांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तकविधानानंतर ते विष्णू वामन झाले. तेव्हा खरे आणि टोपण या जोडीऐवजी, दिलेले आणि घेतलेले अशी जोडी मानणे अधिक उचित ठरेल.

३

घेतलेले नाव आडोसा म्हणून घेतलेले असते, तेव्हा हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत राहत नाही. १९३३ मध्ये ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा विभावरी शिरूरकर यांचा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या तरुणींची कुचंबणा आणि त्यांच्या मनातील शारीर ओढ त्यात ज्या सरळपणाने आली होती, त्यामुळे मोठी खळबळ माजली. या नावामागे बाळूताई खरे होत्या, ज्या पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. त्या वेळी त्या अविवाहित होत्या आणि शिक्षणक्षेत्रात काम करीत होत्या. वाचकांचे लक्ष कथांकडून लेखिकेकडे वळले. ही बाई कोण, येथपासून ही बाईच आहे काय, येथपर्यंत तर्क झाले.

‘हे कोणी लिहिले?’ हा प्रश्न येथे जिज्ञासेच्या वेषात आला तरी त्याचे कार्य निराळे होते. कथेने एका सामाजिक स्थितीविषयी जे सांगितले, ते एका विशिष्ट स्त्रीच्या चारित्र्याविषयीची साक्ष म्हणून वाचता यावे, यासाठी ते नाव हवे होते. एकदा नाव हाती आले की समाजाला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही. तिच्याकडे पाहिले म्हणजे भागते. लेखकाचा शोध हा अशा रीतीने संहितेपासून सुटका करून घेण्याचा मार्ग होऊ शकतो.

वाङ्मयप्रकारांच्या दृष्टीने यातील एक बाब महत्त्वाची आहे. याच लेखिकेचा ‘अलंकारमंजूषा’ (१९३१) हा ग्रंथ तिच्या व्यवहारातल्या नावाने प्रसिद्ध झाला होता. दागिन्यांविषयी माहितीपर ग्रंथ लिहिणाऱ्या स्त्रीला आडोशाची गरज नव्हती. स्त्रीच्या मनाविषयी कथा लिहिणारीला होती. गडकरी किंवा शिरवाडकर यांच्या बाबतीत प्रकारागणिक बदललेले नाव लेखकाच्या निवडीविषयी सांगते. येथे ते समाजाने आखलेल्या सीमारेषेविषयी सांगते. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या या दोन घटना एकाच ‘टोपणनाव’ या सदराखाली ठेवणे, हीच मुळात विश्लेषणातील उणीव आहे.

पाठ्यपुस्तके आणि वाङ्मयकोश आज ‘विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर)’ अशी नोंद करतात. त्या कंसाचा अर्थ असा होतो, की बाहेरचे नाव आभासी आणि आतले खरे. परंतु खरे हे नाव पित्याकडून आले, बेडेकर हे विवाहाने. आयुष्याच्या या स्थित्यंतरात न बदललेले, स्वतः निवडलेले असे नाव एकच होते, आणि ते विभावरी शिरूरकर. गुपित राहिले नाही तरी ‘बळी’ (१९५०) आणि ‘शबरी’ या कादंबऱ्या त्याच नावाने आल्या. आडोशाची गरज संपल्यावरही जे नाव लेखिकेने टाकले नाही, ते केवळ आडोसा उरले नव्हते. कंसातून हे काही कळत नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही, हे एलेना फेरान्ते या इटालियन कादंबरीकर्त्रीच्या उदाहरणावरून दिसते. २०१६ मध्ये क्लाउडियो गात्ती या पत्रकाराने मालमत्तेच्या आणि मानधनाच्या नोंदी तपासून तिची ओळख उघड केल्याचा दावा केला, तेव्हा अनेक वाचकांनी या शोधाचाच निषेध केला. त्यांनी कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि लेखिकेशी झालेला अलिखित करार त्यांना मान्य होता.

४

येथवरच्या विवेचनावरून लेखकाचा शोध टाळणे हेच नैतिक होय, असा निष्कर्ष कोणी काढील. तो योग्य नाही. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने स्त्रियांवर जे दोषारोप झाले, त्यांना दिलेले ते उत्तर होते. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांचा कैवार घेतला. पुढे मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केल्यावरच ते अभ्यासकांसमोर आले.

ताराबाईंनी काहीही लपवले नव्हते. नाव वाचकांनी हरवले. त्यात वाङ्मयप्रकारविषयक समजुतींचाही वाटा होता, असे म्हणता येते. कविता, कादंबरी, नाटक या स्तंभांवर उभारलेल्या वाङ्मयेतिहासात एका स्त्रीच्या संतप्त, बोलभाषेच्या अंगाने जाणाऱ्या वादनिबंधासाठी जागा नव्हती. प्रकारांची उतरंड कोणते लेखन वाचायचे हे ठरवते, आणि त्या ओघात कोणती व्यक्ती लेखक म्हणवली जाईल हेही ठरवते. येथे लेखिकेपर्यंत जाणे हे अतिक्रमण नव्हे; ती ऋणाची फेड आहे.

तेव्हा शोध ही एकच कृती तीन ठिकाणी तीन नैतिक अर्थ धारण करते. हे अर्थ वेगळे करण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात : नाव कोणी लपवले, कोणापासून लपवले, आणि ते उघड झाले तर किंमत कोण मोजणार? गोविंदाग्रजांच्या बाबतीत कोणीही मोजत नाही. १९३३ च्या विभावरी शिरूरकरांच्या बाबतीत लेखिका एकटी मोजते. ताराबाईंच्या बाबतीत नाव उघड न होण्याचीच किंमत त्यांना आणि आपल्या परंपरेला मोजावी लागली.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्याला अर्धशतक उलटले असताना नावांची ही उठाठेव कशासाठी? संहिता पुरेशी आहे. या भूमिकेने समीक्षेला चरित्राच्या जोखडातून सोडवले, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्यांना लेखकपद मिळालेच नव्हते, त्यांच्या लेखकपदाचा अंत घोषित करणे कोणाच्या सोयीचे आहे, हा स्त्रीवादी समीक्षेने उपस्थित केलेला प्रश्न ‘स्त्रीपुरुषतुलना’च्या संदर्भात टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याला इजा पोचत नाही. मग अभ्यासकाने संकोच का बाळगावा? काळ लोटला की जाणून घेण्याचा अधिकार विस्तारतो, हे खरे. परंतु जाणणे आणि एकरूप करणे या दोन भिन्न कृती आहेत. दुसरीचा अधिकार पहिलीतून आपोआप निष्पन्न होत नाही. ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांची ‘लुईस कॅरल’ ही ओळख सर्वज्ञात होती. तरीही, आपल्या नावाने प्रसिद्ध न झालेल्या कोणत्याही पुस्तकाशी आपण संबंध मान्य करीत नाही, असे छापील पत्रक त्यांनी १८९० मध्ये काढले. ही लपवाछपवी नव्हती. लोकांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्या तोंडून वदवून घेऊ नये, एवढीच ती मागणी होती.

ग्रंथपालांनी या पेचातून काढलेला मार्ग समीक्षकांनी विचारात घेण्यासारखा आहे. तालिकेत दोन प्रकारच्या निर्देशनोंदी असतात. ‘पाहा’ ही नोंद वाचकाला एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवते आणि पहिल्या नावाखाली काहीही ठेवत नाही. ‘हेही पाहा’ ही नोंद दोन्ही नावांखाली त्यांची त्यांची पुस्तके राहू देते आणि केवळ वाट दाखवते. अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमावलीने १९८८ च्या सुधारित आवृत्तीत हे तत्त्व मान्य केले, की एखाद्या व्यक्तीने निरनिराळ्या स्वरूपाच्या लेखनासाठी निरनिराळ्या ओळखी प्रस्थापित केल्या असतील, तर त्या स्वतंत्र ठेवाव्यात आणि निर्देशांनी जोडाव्यात.

आपल्या विद्यापीठांतील प्रबंधांचा रूढ साचा मात्र अजूनही ‘पाहा’ नोंदीचाच आहे. पहिल्या प्रकरणात लेखकाचे चरित्र, पुढे वाङ्मयप्रकारानुसार एकेक प्रकरण, आणि शेवटी या साऱ्यातून प्रकट होणारे ‘एकसंध व्यक्तिमत्त्व’. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच उत्तर ठरलेले असते, आणि प्रकारांतील भेद हे त्या उत्तरातील अडथळे ठरतात. चरित्र पहिल्या प्रकरणातून काढून, संहितांनी ते मागितले तेथेच आणले. एका नावाखालील लेखन आधी त्याच नावाच्या अटींवर वाचले. आणि दोन नावे जोडताना ती का वेगळी ठेवली गेली होती हे सांगण्याचे बंधन स्वतःवर घातले, तर प्रबंध कदाचित कमी एकसंध होतील. परंतु ज्या लेखकांनी स्वतःला एका नावात मावू दिले नाही, त्यांच्याविषयी ते अधिक खरे बोलतील.