हौसेच्या कामाचें मोल

ज्या कामांत मनुष्याला आनंद वाटतो त्या कामाचें वेतन त्यानें मागावें कीं नाहीं, आणि मागितल्यास पुरतें मागावें कीं कांहीं सूट द्यावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु लोकरीचें दुकान चालविणाऱ्या व स्वतः विणकामाची हौस असलेल्या एखाद्या बाईला विचारावें, म्हणजे ती सांगेल कीं हा प्रश्न आपल्या दुकानाच्या पायरीवर दर आठवड्याला येऊन उभा राहतो. गिऱ्हाईक म्हणतें, "बाई, तुमच्या हाताला विणल्यावांचून चैन पडतच नाहीं. दुकानांत बसल्या बसल्या आमच्या मुलासाठीं एक स्वेटर होऊन जाईल. लोकरीचे पैसे आम्ही देऊंच." बोलणारा मनुष्य वाईट नसतो. आपण त्या बाईचा मानच करीत आहों असें त्याला वाटतें. तरी ह्या गोड बोलण्यांत एक हिशेब लपलेला आहे, आणि तो बरोबर आहे किंवा नाहीं हें पाहण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम हें काम केवढें आहे तें मोजूं. मध्यम जाडीच्या लोकरीचें विणकाम केलें असतां चार इंच लांब व चार इंच रुंद अशा तुकड्यांत सुमारें २२ टांके आडवे व ३० ओळी उभ्या बसतात, म्हणजे तेवढ्याशा तुकड्यांत ६६० टांके होतात. मोठ्या माणसाच्या स्वेटराची पाठ, पोट व दोन बाह्या मिळून असे ९० तुकडे सहज भरतात. गुणाकार केला म्हणजे टांक्यांची संख्या ६०,००० च्या जवळ जाते. सरावाचा हात मिनिटाला २५ टांके घालतो असें धरलें तरी ४० तास झाले. त्यांत मापें घेणें, गळा उतरविणें, भाग जोडणें व चुकलेली ओळ उसवून पुन्हां घालणें हें धरलेलें नाहीं. दिवसाचे आठ तास मानले तर हें पांच दिवसांचें काम आहे. वाचकहो, आपण कोणाच्या शेतांत पांच दिवस पेरणी केली, आणि शेवटच्या संध्याकाळीं मालकानें "बियाण्याचे पैसे मीं दिलेच होते" एवढेंच म्हणून आपली बोळवण केली, तर आपण काय म्हणूं?

ह्यावर असें उत्तर येतें कीं, पेरणींत श्रम आहेत आणि विणण्यांत मौज आहे. ती मौज हीच अर्धी मजुरी समजावी. ह्या युक्तिवादाचें मूळ तपासलें पाहिजे. काम घेणाऱ्यानें काम करणाऱ्याला जें दिलें त्याला मजुरी म्हणतात. विणणारीला जो आनंद होतो तो गिऱ्हाइकानें तिला दिलेला नाहीं. तो तिच्या बोटांच्या सरावांतून आला आहे, आणि ज्या आईनें किंवा शाळेंतील बाईनें तिला लहानपणीं पहिले टांके घालून दिले तिच्या धीरांतून आला आहे. जें आपण दिलेंच नाहीं तें आपल्या नांवें जमेस कसें धरावें? शेतकऱ्याची आपल्या बैलांवर माया असते. पीक वर आलें म्हणजे तो बांधावर उभा राहून डोळे भरून पाहतो. म्हणून कोणी व्यापारी त्याला "तुम्हांला शेताची गोडी आहेच, तेव्हां पायलीमागें शेरभर ज्वारी फुकट घाला" असें म्हणत नाहीं. (कोणी म्हणत असेल तर त्याला ओळखून असावें.) वैद्याला आपल्या विद्येची आवड असेल तर आपण त्याची फी कापीत नाहीं, उलट अशाच वैद्याचें घर शोधीत जातों. मग हा निराळा नियम बायकांच्या हातच्या कामालाच कां लागू व्हावा?

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रांत शेटलंड नांवाचीं बेटें आहेत. तेथें झाडें फार थोडीं व वारा फार; मेंढ्या अंगानें लहान, परंतु त्यांची लोकर अतिशय मऊ. पूर्वीं तेथें पुष्कळ ठिकाणीं ही लोकर कातरीत नसत. उन्हाळ्याच्या आरंभीं ती अंगावर सुटी होऊं लागली म्हणजे हातानें हळूच उपटून घेत. उन्स्ट ह्या बेटावरील बायका इतकें तलम सूत काढीत कीं, त्या सुताची भली मोठी शाल लग्नाच्या अंगठींतून आरपार निघे. पुरुष मासेमारीस समुद्रावर जात, म्हणून शेत, गुरें व सरपण हीं सर्व बायकांच्या अंगावर पडत. त्या कमरेला भोकें पाडलेला चामड्याचा पट्टा बांधीत आणि सुईचें एक टोंक त्यांत खुपशीत, म्हणजे चालतां चालतां विणतां येई. पाठीवर जळाऊ मातीच्या ढेकळांची टोपली आणि हातांत अर्धा मोजा, अशी त्यांची वाट चाले. आपल्याकडे मेंढ्यांमागें चालतांना टकळीवर लोकर कातणारा धनगर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं.

ह्या बायकांना आपल्या कामाचा अभिमान होता ह्यांत शंका नाहीं. अभिमानावांचून तशी शाल होत नाहीं. तथापि लेर्विक ह्या तेथील मुख्य गांवांतील व्यापारी त्यांना मोबदला कसा देत तें पाहावें. नाण्यांत नव्हे, तर मालांत. चहा, कापड व अशाच दुकानांतील वस्तु. लगेच कांहीं नको असेल तर तेवढ्या रकमेची एक चिठी मिळे, आणि ती चिठी त्याच दुकानांत चाले. १८७२ सालीं सरकारनें ह्या रीतीची चौकशी केली. त्या वेळीं पुष्कळ बायकांनीं साक्षी दिल्या कीं, घरांत पीठ नसतांना हातीं चहा येई, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे नेऊन त्याबद्दल पीठ व बटाटे मिळवावे लागत. त्या चौकशींतील एक गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक टोंचते. विणलेल्या मालाच्या बदल्यांत विणण्याचें सूतच मागितलें तर व्यापारी बहुधा देत नसत. सूत हा रोख पैशाचा माल आहे असें ते म्हणत. म्हणजे जिनें शाल विणली तिला त्याच शालीच्या किमतींतून दुसऱ्या शालीची लोकर मिळूं नये! तिची हौस सर्वांना ठाऊक होती, आणि त्या हौसेवर सर्वांचा भरंवसाहि होता.

त्या व्यापाऱ्यांना दुष्ट ठरवून मोकळें होणें सोपें आहे, परंतु तें खरें होणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, विणलेल्या मालावर आपल्याला नफा जवळजवळ सुटतच नाहीं, जो कांहीं सुटतो तो दिलेल्या कापडा-चहावर. रोख द्यावयाचें तर भाव खालीं आणावा लागेल. कदाचित् हें हिशेबाला धरून असेल. परंतु मग तो खालचा भाव उघड सांगावयास पाहिजे होता, म्हणजे घेणारीला विचार करतां आला असता. मजुरी मालाच्या रूपानें देण्यास बंदी करणारा कायदा त्या देशांत १८३१ सालींच झाला होता. तो ठराविक धंद्यांपुरता असल्यामुळें घरीं बसून आपल्या लोकरीचें विणणारी बाई त्याच्या बाहेर राहिली. १८८७ सालीं तो कायदा वाढविला, त्यांत घरीं विणलेल्या लोकरीच्या वस्तूंचा स्पष्ट उल्लेख केला. तरीहि ती जुनी रीत विसाव्या शतकांत रेंगाळत राहिली.

आपल्या खेड्यांत वस्तूच्या रूपानें मोबदला ही गोष्ट नवी नव्हती. बलुत्याची पेंढी व धान्य ह्यांवर पुष्कळ घरें जगलीं. धान्य देणें हें स्वतः वाईट नव्हे, कारण धान्य खातां येतें. वाईट तें हें कीं, किती द्यावयाचें, कोणतें द्यावयाचें, आणि द्यावयाचें कीं नाहीं, हें सर्व देणाऱ्याच्या मर्जीवर असे; आणि काम करणारा तक्रार करूं लागला तर "हें तुमचें पिढीजाद काम आहे" असें उत्तर मिळे. महार वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं तें उत्तर ऐकलें आहे त्यांना "ही तुमची हौसच आहे" ह्या उत्तराची जात ओळखण्यास वेळ लागूं नये.

दुसरें उदाहरण ह्याच देशांतील आहे आणि तें मिशनशीं निगडित आहे, म्हणून तें झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. आंध्रांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर गांव आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी मंडळींनीं गरीब ख्रिस्ती बायकांना सुती धाग्याचें क्रोशाचें विणकाम शिकविलें. शिकविणाऱ्यांचा हेतु चांगला होता, आणि त्या कामानें अनेक घरांत चार पैसे आले हेंहि खरें. पुढें तें काम आसपासच्या गांवांत इतर समाजांच्या बायकांतहि पसरलें, दलाल व परदेशीं माल धाडणारे व्यापारी आले, आणि धंदा मोठा झाला. १९८२ सालीं मारिया मीस नांवाच्या जर्मन विदुषीनें ह्या बायकांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मुख्य गोष्ट अशी कीं, ह्या बायका रोज कित्येक तास विणीत असूनहि त्यांना कोणी कामकरी म्हणत नसे. त्या घरांत बसणाऱ्या गृहिणी, आणि विणकाम म्हणजे त्यांचा फावला वेळ, असें समजलें जाई. ज्याला फावला वेळ हें नांव पडलें त्याला दर मिळाला तरी अगदीं तुटपुंजा.

आतां त्या लोकरीच्या दुकानाकडे पुन्हां वळूं. दुकानदार बाईचा प्रश्न खरा कठीण होतो तो येथें. गिऱ्हाईक तिच्याकडे फुकट काम मागतें तोंपर्यंत ती केवळ दुखावली जाते. परंतु एखाद्या वर्षीं थंडी चांगली पडते, मागणी वाढते, आणि ती आसपासच्या चार बायकांना लोकर देऊन टोपरीं, मोजे व स्वेटर विणून घेऊं लागते. त्या बायकाहि हौशी असतात. दुपारीं ओट्यावर बसून गप्पा मारीत विणतात. दर ठरविण्याची वेळ आली म्हणजे जें वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकतांना तिला वाईट वाटे, तेंच नकळत तिच्या ओठांवर येतें: "नाहींतरी तुम्ही बसल्या असतांच कीं." लेर्विकच्या व्यापाऱ्याला विणकाम येत नव्हतें, एका स्वेटराला किती तास लागतात हें त्याला ठाऊक नव्हतें असें तरी म्हणतां येईल. हिला तें म्हणण्यास जागा नाहीं. तिनें तितकेच टांके स्वतःच्या हातानें घातलेले आहेत. आमच्या मतें तिच्या हौसेचा खरा उपयोग येथेंच आहे: कामाचे तास तिला कोणी सांगावे लागत नाहींत.

कोणी म्हणेल, गांवांत खुरपणीला जो रोज चालतो तो जरी विणण्याला लावला, तरी हातचा स्वेटर इतका महाग होईल कीं तो कोणी घेणार नाहीं. लुधियान्याचा यंत्रावरचा स्वेटर त्याहून पुष्कळ स्वस्त मिळतो. हें खरें आहे, आणि ह्यांत कोणावर अन्याय होत नाहीं. यंत्राच्या स्वेटरानेंहि थंडी जाते, आणि गरिबानें तोच घ्यावा. हातानें विणलेला स्वेटर कोणाला विकत देण्यास आपण बांधलेलों नाहीं. परंतु जो म्हणतो कीं मला हातचाच पाहिजे, मात्र दर यंत्राचा, त्याला दोहोंतील फरक कोणी तरी आपल्या पदरचा भरावा असें वाटत असतें. आणि तो "कोणी तरी" बहुधा विणणारी बाईच असते.

दानाची गोष्ट अगदीं वेगळी आहे. शेजारणीला मूल झालें आणि हौशी बाईनें आपण होऊन टोपरें विणून नेलें, तर तेथें तासांचा हिशेब काढणें ओंगळ दिसेल. परंतु दान देणाऱ्यानें सुचवावयाचें असतें. मागून घेतलेल्या वस्तूला भीड म्हणतात, आणि भिडेनें दिलेल्या वस्तूचा आनंद देणाऱ्यालाहि होत नाहीं.

हौशी दुकानदाराला आणखी एक मोह असतो, त्याविषयीं थोडेंच लिहितों. आपल्या बाजारांत "लोकर" म्हणून जी विकली जाते तिच्यांतील पुष्कळशी मेंढीची नसतेच; ती खनिज तेलापासून केलेल्या धाग्याची असते. तो धागा वाईट नाहीं. तो स्वस्त आहे, त्याला कसर लागत नाहीं, आणि लहान मुलांचे कपडे रोज धुवावे लागतात त्यांना तो बराहि पडतो. मात्र नांव खरें सांगावें. शंका असल्यास एक तंतु जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व राख बोटांत चुरते, आणि तो दुसरा धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. तसेंच एका वेळीं रंगविलेली लोकर संपल्यावर तोच रंग पुन्हां हुबेहूब मिळत नाहीं, म्हणून गिऱ्हाइकानें एकाच वेळीं पुरेशी घ्यावी असें सांगावें. परंतु ह्या भीतीचा फायदा घेऊन आठ गुंड्यांच्या जागीं बारा गळ्यांत घालूं नयेत. जास्त गेलेल्या सबंध गुंड्या परत घेण्याची रीत ठेवली म्हणजे हा मोह आपोआप कमी होतो.

राहतां राहिलें तें पायरीवर उभें असलेलें गिऱ्हाईक. त्याच्यावर रागावूं नये. एका कागदावर तीन ओळी लिहून त्याच्यापुढें ठेवाव्या: लोकर इतकी, तास इतके, गांवांतील रोजाप्रमाणें मजुरी इतकी. कित्येक तो आंकडा पाहून हंसतात व निघून जातात. त्यांना जाऊं द्यावें. कोणी घासाघीस करील, त्याला लोकरीच्या भावांत सूट द्यावी, तासांच्या भावांत देऊं नये. आणि एखादी सून किंवा एखादा मास्तरहि विचारील कीं, इतके तास लागतात तर मलाच शिकतां येईल काय? तिला किंवा त्याला बसावयास सांगावें, दोन सुया व एक गुंडी पुढें ठेवावी, आणि पहिले वीस टांके आपल्या हातानें घालून द्यावे. शिकविण्याचे पैसे घ्यावे कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. गुंडीचे मात्र घ्यावे.