पगार मलाही होतो की

गेल्या वर्षी ऑफिसातल्या काही जणांनी मॅरेथॉन धावायचं ठरवलं आणि त्या निमित्तानं एका पुनर्वसन केंद्रासाठी निधी गोळा केला. देणगीचं वेबपेज मी बनवलं. वर व्हीलचेअरमधल्या मुलाचा फोटो, कॅमेऱ्याकडे केविलवाणं बघणारा. दुसऱ्या फोटोत तोच मुलगा मित्राशी भांडत होता. पण भांडणाऱ्या मुलाला कोण पैसे देणार? मीच पहिला निवडला.

पेज सुरू झालं त्याच दुपारी टेस्टिंगमधला एक सहकारी आला. तो जन्मांध आहे.

"तुझ्या पेजवर चार बटणं आहेत. चौघांचंही नाव 'बटण'. पैसे भरायचं कुठलं?"

मी बटणांवर नुसती चित्रं ठेवली होती, नावं द्यायला विसरलो होतो. चार ओळींची दुरुस्ती. ती करता करता सहज बोलून गेलो, "पण तू कशाला देतोस?"

"का? पगार मलाही होतो की."

तो पाचशे रुपये भरून गेला. मी मात्र तिथेच अडकलो. अपंगांच्या स्वावलंबनासाठी पेज बनवताना अपंग माणूस त्यावर देणारा म्हणून येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो वापरतो तो स्क्रीन रीडर म्हणजे एनव्हीडीए. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 2006 मध्ये तो लिहायला घेतला, मग जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर सोबत आला. विकतचे स्क्रीन रीडर फार महाग, म्हणून हा फुकट. यालाही देणग्या लागतात, तेव्हा देणगी मागणंच वाईट असं मी म्हणत नाही. पण इथे डाउनलोड करताना कुणी तुमची कर्मकहाणी विचारत नाही. उलट तुमच्याकडेच देणगी मागतात, आणि नाही दिली तरी सॉफ्टवेअर मिळतं. मागण्यातला हा मान माझ्या पेजवर नव्हता.

बटणांना नावं देऊन झाली. फोटोचं वर्णन राहिलं होतं, स्क्रीन रीडरनं वाचून दाखवायचं. 'मदतीच्या आशेनं पाहणारा असहाय मुलगा' असं लिहिलं. मग हे त्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येईल हे आठवलं आणि खोडलं. 'व्हीलचेअरमधला मुलगा, निळा शर्ट' एवढंच ठेवलं.

फोटोच बदलता आला असता. पण टार्गेटला चाळीस हजार कमी होते. नाही बदलला.