एका पंगतीत
धाड गावातल्या घरांत आता भाकऱ्या थापल्या जात असतील. ख्रिस्ताची प्रीती शेजाऱ्याला आधी कळते ती अशा स्वयंपाकघरातून, प्रार्थनेतून नंतर.

कवी नारायण वामन टिळकांचं घर हे याचंच उदाहरण. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुखावल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या, तेही आपलं सोवळं सांभाळतच. टिळकांनी सक्ती केली नाही. हे वाट पाहणं मला फार मोठं वाटतं! सोवळं सुटलं ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारानं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग त्या घरात परक्यांची मुलंही पोटच्या मुलांसारखी जेवली, वाढली.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना धर्मचर्चेपेक्षा ही जेवायला बसलेली माणसंच जास्त भेटतात.