फाटकावरच्या दोन पाट्या



आमच्या सांगलीच्या घराच्या फाटकावर दोन पाट्या आहेत. वरची 'श्री गुरुदेव दत्त', वडिलांनी लावलेली. खालची 'कुत्र्यापासून सावध रहा', मुलाने २०२० साली लावलेली. पुष्कळ दिवस मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात, आमच्या दारात एक आहे, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत असे.

कुत्रा रॉटवायलर जातीचा, नाव भीमा. लॉकडाऊनमध्ये मुलगा घरून काम करीत होता, तेव्हा त्याने हौसेने पिल्लू आणलं. पुढे ऑफिस सुरू झालं, तो बंगळूरला परत गेला आणि भीमा आमच्याकडे राहिला. पिल्लू म्हणून आलेलं जनावर दोन वर्षांत अठ्ठेचाळीस किलोचं झालं. माझं वजन एकसष्ट. सकाळी फिरायला कोण कोणाला नेतंय, असा प्रश्न शेजारी विचारीत.

ही जात जर्मनीतल्या रॉटवाइल गावाची. खाटकांची गुरं हाकायची, गाड्या ओढायच्या, घरदार राखायचं, हे यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. बाजारातून परतताना खाटीक पैशाची पिशवी या कुत्र्याच्या गळ्यात बांधत, म्हणजे कोणी हात लावायला धजत नसे, असं सांगतात. माझा जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेला, त्यामुळे ही गोष्ट मला फार आवडली. पण त्यातली खरी गोम माझ्या उशिरा लक्षात आली. परक्याचा संशय घेणं हा या कुत्र्याचा दोष नाही, ते त्याच्या रक्तात माणसाने मुद्दाम वाढवलेलं आहे. आपल्याला रात्री निर्धास्त झोप लागावी म्हणून आपण दुसऱ्या जिवाला जन्मभर संशयी ठेवतो. हे धर्माला धरून आहे का?

आता झालेली गोष्ट सांगतो. २०२२ चा आषाढ होता. दूध घालायला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा येई. त्या सकाळी भीमाने अंगणातून झेप घेतली, फाटक ढकललं आणि मुलाला खाली पाडलं. दंडाला दात लागले. मी धावलो, पट्टा धरून त्याला मागे खेचलं. मंडळींनी मुलाची जखम नळाखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटं धुतली, मग दवाखाना, इंजेक्शनं, सगळं केलं. पैसे मी दिले. भीमाला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती, तरी मुलाची इंजेक्शनं पूर्ण केली, त्यात कसूर ठेवली नाही.

इथवर सगळं ठीक. पण घरी आल्यावर मी काठी घेऊन भीमाला मारलं. एवढं ताकदवान जनावर, मनात आणतं तर मला आडवं केलं असतं. ते कोपऱ्यात अंग चोरून बसलं आणि मार खात राहिलं. आणि गल्लीत जो तो विचारी त्याला मी सांगितलं, "पोराने कुत्र्याला खडा मारला असणार, नाहीतर तो असं करत नाही."

खरं काय होतं? आदल्या रात्री फाटकाची कडी मीच लावली नव्हती. सकाळी चपला घालतानाच ते माझ्या लक्षात आलं होतं, अपघात व्हायच्या आधी. जाऊन लावतो म्हणून चहा प्यायला बसलो.

महाभारत उघडलं की आदिपर्वात पहिल्या काही कथांतच एका कुत्र्याची कथा येते. जनमेजयाचं यज्ञसत्र चाललेलं असतं, तिथे देवशुनी सरमेचं पिल्लू येतं. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही, तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कोणीच उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की, ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल. शेवटी महाप्रस्थानात धर्मराजाबरोबर कुत्रा चालतो, ती कथा सर्वांना ठाऊक आहे, कीर्तनातही येते. सरमेची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. कुत्र्याला न सोडणाऱ्या धर्मराजाशी नातं जोडायला आपल्याला आवडतं. मी त्या दिवशी कोणत्या बाजूला होतो ते मला माहीत आहे.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. रक्कम कमी भरली तर तिजोरीला कोणी दोष देत नाही, किल्ली कोणाकडे होती ते विचारतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण जातीला दोष देतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची कुत्री बाळगण्यावर बंदी घालायला सांगितलं. त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. मुलाचा लगेच फोन, "बाबा, आपण जिंकलो!" मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. ज्यांची मुलं अशा कुत्र्यांनी फाडली त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी तरी म्हणणार नाही. जात शांतही निघते, पण चूक झाली तर गावठी कुत्र्याची चूक आणि याची चूक यात फरक पडतो. म्हणून कडीची जबाबदारीही तेवढी मोठी.

दुसरी एक गोष्ट मनाला जास्त लागली. कोल्हापूरला दत्तप्रभू माध्यान्ही भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा आहे. आमच्या आईने आयुष्यभर बाराच्या सुमाराला दारात कोणी आलं तर विन्मुख पाठवलं नाही. भीमा आल्यापासून आमच्या दारात एकही भिक्षेकरी आला नाही. मंडळी एकदा म्हणाली, "महाराज आले असतील आणि पाटी वाचून गेले असतील." ती थट्टेत म्हणाली. मला जेवण गेलं नाही.

देवघरातला फोटो मी त्यानंतर नीट पाहिला. माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र. सहाही हात गुंतलेले, एकाही हातात साखळी नाही. चार कुत्री म्हणजे चार वेद असं आपण सांगतो, ते आहेच. पण झोळीवाल्या अवधूताकडे राखण्यासारखं काय होतं? त्याची कुत्री कोणावर भुंकत असतील?

भीमाला काढून टाकावं असंही मनात आलं. पण पाच वर्षं अंगाखांद्यावर वाढलेलं जनावर आता कोणाला द्यायचं? घेणारे भेटतात, ते शेतावर चोवीस तास साखळीला बांधायला मागतात. तेव्हा ठेवायचं तर नीट ठेवायचं. फाटकाला आतून दुसरं जाळीचं दार केलं, बाहेर घंटा लावली, फिरायला जाताना तोंडाला जाळी. काळं अंग, ऊन सोसत नाही, म्हणून उजाडायच्या आत फिरवून आणतो. त्याचं कोंबडीचं पातेलं मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर. मंडळींनी एवढी तडजोड केली, हे तिचे उपकार. दत्तजयंतीला लोक प्रेमाने प्रसादाचा शिरा त्याच्यापुढे धरतात, त्यांना हात जोडून सांगावं लागतं की बेदाणा कुत्र्याला विष आहे, मूत्रपिंडं जातात. सांगली-तासगावात बेदाण्याला विष म्हटलेलं कोणाला आवडत नाही, पण वाचकांत कोणाकडे कुत्रा असेल तर हे लक्षात ठेवावं. कांदाही देऊ नये.

बारा वाजता मी आता डबा घेऊन फाटकाबाहेर कट्ट्यावर बसतो. रोज कोणी येतंच असं नाही.

त्या दूधवाल्या मुलाच्या घरी मी दोन वर्षांनी गेलो, गेल्या वर्षीच्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. मुलगा आता आयटीआयला जातो. त्याच्या वडिलांना सांगितलं की खडा कोणी मारला नव्हता, कडी मी लावली नव्हती. ते गोठ्यात धार काढत होते, उठले नाहीत.

"ते आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं, काका," ते म्हणाले. "पोरानं उघडी कडी बघितली होती."

मग चहा आला. मुलगाही बाहेर येऊन बसला, त्याने भीमा आता किती वर्षांचा झाला ते विचारलं.